पायाखालचं पाणी

जमिनीवर राहून जमिनीखाली संसार करणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या ताईचा नवरा. भाऊजी सरकारच्या भूजल खात्यात कामाला होते. कापसानं माणसांची तोंडं सुकवली ती वर्षं; घाटंजीच्या बाजारात भाव आणि बोंडअळी यापलीकडे कुणी बोलत नसे. भाऊजी मात्र चहाचा कप हातात धरून फरशीकडे बघत राहायचे. "आपल्या खालून गेल्या सालचा पाऊस चालून राह्यला," म्हणायचे, "लय हळू चालते बिचारा." ऐकणारा नकळत पाय उचलून घ्यायचा. एकदा पुसदच्या लग्नाला निघालो, तर वाटेत विहिरीवर बायकांचे लांब दोर दिसले आणि हे एसटीतून उतरले. मांडवात पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. ताई चिडली, तर शांतपणे म्हणाले, "पाणी खाली उतरलं, म्हून मी उतरलो."

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर आला. एका नाल्याचं अख्खं पाणलोट त्यांना त्यात मांडायचं होतं. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाखाली काळी माती, मुरूम, पाषाण असे थर द्यायचे, वरून पाऊस सोडायचा आणि खालचं पाणी कुठे जातं ते बघायचं. पहिल्याच दिवशी जेवताना ते खिन्नपणे म्हणाले, "घाटंजीचं बसस्टँड बुडालं." ताई धावत खिडकीपाशी गेली. पावसाचा आकडा चुकला होता, एवढंच. पुढं कधी नाला डोंगर चढे, कधी सगळ्या विहिरी एकदम आटत. भाऊजी डोळे अर्धे मिटून थर बदलत बसत; भात निवून जाई.

हे सगळं ज्या तांड्यासाठी चाललं होतं तिथल्या बायका उन्हाळ्यात टेकडी उतरून, पार कोसभर चालून पाणी आणत. सरपंचबाईंनी विहिरीची जागा विचारली. भाऊजींनी कॉम्प्युटरवरचं हे मॉडेल बघून नाल्याच्या वळणावर बोट ठेवलं. गावानं श्रमदानानं खोदलं. खाली कोरडा, काळा, खणखणीत पाषाण लागला. बायकांनी घागरी उचलल्या आणि जुनीच वाट धरली. भाऊजी त्या खड्ड्यात उतरून कितीतरी वेळ भिंतीला हात लावत बसले.

मग ते टेकडीपलीकडच्या विहिरी मोजत हिंडू लागले. एके दिवशी कॉम्प्युटरसमोरून ओरडले, "अहो, वरचं पाणी इकडं वाहते म्हून खालचंही इकडंच येईन, असं मी धरून बसलो! थर तिकडं कललेत. पाणी टेकडीखालून सटकून राह्यलं!"

आम्ही तांड्यावर गेलो. टेकडीच्या पलीकडच्या पायथ्याशी खोदा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा सरपंचबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"साहेब, आता तरी तुमच्या मशीनले पक्कं माहीत हाय काय?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "पण पहिल्यापेक्षा कमी चुकते. अन् चुकलो होतो मी, मशीन नाही."

बाईंना हसू फुटलं, पाठोपाठ सगळ्यांना. "घ्या टिकास-फावडे," त्या म्हणाल्या, "खरं बोलणारा साहेब पहिल्यांदा भेटला."

पाणी लागलं त्या दिवशी ताईही आमच्याबरोबर होती; आधी कपारीतून नुसती ओल चमकली, मग बारीक धार सुटली. बायकांनी भाऊजींनाच पहिली ओंजळ घ्यायला लावली. ते खाली उतरले, ओंजळ भरली आणि प्यायचं विसरून ऐकत उभे राहिले. "मले वाटलं नव्हतं याले आवाज असन," एवढंच म्हणाले.

पुढं त्यांची बदली झाली, आणि आता तर तेही नाहीत. ताई म्हणते, संसारभर हा माणूस समोर बसलेला असायचा, पण नेमका कुठं असायचा ते कधी कळलं नाही. पाणी लागलं त्या संध्याकाळी मात्र तांड्यावरून घरी येताना ते तिच्याशी भाजीबद्दल, पाहुण्यांबद्दल, अगदी कशाबद्दलही बोलत होते, आणि त्यांच्या ओल्या चपला वाटभर पचपच वाजत होत्या.