काकींसाठी न म्हटलेली प्रार्थना

मी भित्री बाई आहे, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे पुढचं सांगताना स्वतःला सांभाळून घ्यायला जागा उरणार नाही. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पणजोबांपासून घरात उपासना, प्रार्थना, पेटीवरची मराठी गीतं, सगळं आहे. पण आडनाव चारचौघांसारखं, नेसणं-बोलणं चारचौघांसारखं, आणि टिकली तर मी हौसेनं लावते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी लालबागच्या चाळीत खोली घेतली, तेव्हा आम्ही कोण हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. पहिल्याच दिवशी शेजारच्या काकी दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "देव खंय मांडलंस गो?" मी पटकन सांगून टाकलं, "आमचे देव थोरल्या दिरांकडे असतात, गावी." काकी कणकवलीकडच्या. त्यांच्यातही देव मूळ घरीच असतात, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. हे आत सामान लावत होते. जेवायला बसल्यावर एवढंच म्हणाले, "खरं सांगितलं असतंस तर कुणी मारणार होतं का?"

कुणीच मारणार नव्हतं हो. पण एकदा बोलून बसले आणि मग ते निस्तरता निस्तरता वीस वर्षं गेली. रविवारी आम्ही गिरगावात चर्चला जायचो; चाळीत सांगायचे, मावशीकडे जातो. दिवाळीत गॅलरीत चटया टाकून आम्ही सगळ्या बायका करंज्या करायला बसायचो. त्यातला एक डबा मी गुपचूप कपाटावर ठेवून द्यायचे, नाताळसाठी. सकाळची प्रार्थना तांदूळ निवडता निवडता मनात म्हणायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई खडे शोधतेय. रात्रीची मात्र दार लावून, हलक्या आवाजात; काकींच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये नुसती लाकडी फळी होती. आता हे लिहिताना हसू येतं आणि लगेच लाजही वाटते. काकी मात्र आरपार मोकळी बाई. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. लेक सुनंदा हिला त्यांनी एकटीनं वाढवलं. तोंडानं फटकळ, पण माझ्या दुसऱ्या बाळंतपणात महिनाभर माझ्या घरात दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यांनी केला. बांगड्याचं तिखलं केलं की वाटी आधी माझ्याकडे यायची. माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं त्यांनी केलं.

गेल्या वर्षी काकींच्या पोटात गाठ निघाली. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांना ठेवलं आणि ऑपरेशन ठरलं. सुनंदाची नोकरी, त्यामुळे दुपारभर मी त्यांच्यापाशी बसायचे. मोसंबं सोलून द्यायचं, पाय चेपायचे, आणि त्यांचा डोळा लागला की मनातल्या मनात प्रार्थना करायची. ऑपरेशनला दोन दिवस राहिले असताना मी अशीच बसले होते. त्या झोपल्यात असं मी धरून चालले होते. इतक्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "ओठ हलतत तुझे. मनात कायतरी म्हणतंस. मोठ्यान म्हण मगे, माका भय वाटता." मी घाईनं मोसंबं सोलायला घेतलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "ज्या कोणाक म्हणतंस, तेका माझा नाव सांग. माका ऐकाक येवंदे."

देवा, त्या क्षणी मला काय झालं होतं! शेजारच्या खाटेवरच्या बाईचे दोन भाऊ उभे होते, समोर कुणीतरी मोबाईलवर बोलत होतं. येशूचं नाव या वॉर्डात मोठ्यानं घेतलं आणि कुणी म्हणालं, ही आजारी बाईला बाटवतेय, तर? चाळीत बातमी जाईल, वीस वर्षांचं खोटं उघडं पडेल, सुनंदाला काय वाटेल? एवढं सगळं एका दमात मनात येऊन गेलं. काकींना काय वाटेल, हे मात्र आलं नाही. मी म्हटलं, "काही नाही हो काकी, सहज आपलं, मन शांत राहावं म्हणून. पडा तुम्ही." त्यांनी माझं मनगट सोडलं. "बरा," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते, म्हणून मी गेले नाही. हेही अर्धंच खरं. मला त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं. त्यानंतरच्या सकाळी, ऑपरेशनला न्यायच्या आधीच, काकी गेल्या. सुनंदा खालच्या मजल्यावर कागदपत्रांत अडकली होती, म्हणून त्यांचं सामान घ्यायला मी वॉर्डात वर गेले. थर्मास, चादर, चष्मा पिशवीत भरत होते, तेवढ्यात वॉर्डातली एक मावशी जवळ आली. भांडी देणारी, चादरी बदलणारी साधी कामगार बाई. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस, अगदी गणवेशावर, सगळ्यांना दिसेल असा. तिनं विचारलं, "शेजारच्या ताई त्या तुम्हीच का?"

मग तिनं सांगितलं. आदल्या संध्याकाळी ती चादर बदलायला आली, तेव्हा काकींनी क्रूसाकडे बोट दाखवून तिला विचारलं होतं, माझ्यासाठी काही म्हणशील का? ती खाटेजवळ उभी राहिली, काकींचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं प्रार्थना केली. वॉर्डात कुणी काही बोललं नाही. उलट समोरच्या खाटेवरची आजी म्हणाली, इकडेही ये गं जरा. प्रार्थना झाल्यावर काकी तिला म्हणाल्या होत्या, "आमची शेजारीण पण असाच म्हणता. मधल्या फळीतून माका कितीतरी वर्सां ऐकाक येता. तिका लाज वाटता, तिका काय बोलू नको." आणि मग शांत झोपल्या. "आता त्या गेल्या, म्हणून सांगते," ती म्हणाली. मी तिथेच खाटेवर बसले आणि रडले. थोड्या वेळानं तिला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते की. एकदा एका पेशंटच्या भावानं लई आरडाओरडा केला. तवापासून आपणहून कुणाला काही म्हणत नाही. पण माणसानं तोंडानं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं?" एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली. तिला काम होतं.

बाराव्याची माणसं पांगल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. आम्ही कोण, रविवारी कुठे जातो, आणि तिच्या आईनं माझ्याकडे काय मागितलं होतं. ती पातेली पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "आता सांगताय होय काकू? आईला तुमच्या धर्माशी काय करायचं होतं? तिला भीती वाटत होती." तिनं मला दार दाखवलं असतं तरी मी गेले असते. पण ती तशीच जमिनीवर बसली, पातेलं मांडीवर घेऊन, आणि म्हणाली, "मलाही भीती वाटतेय. आता ह्या घरात मी एकटीच. म्हणा, काय म्हणायचं असेल ते."

दार सताड उघडं होतं, गॅलरीतून माणसांची ये-जा चालली होती. मी तिच्यासमोर बसले, डोळे मिटले आणि येशूचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना केली. शब्द धड सुचले नाहीत, मध्येच आवाज फाटला, एकदा तर नुसतंच "प्रभू, प्रभू" म्हणत राहिले. कुणी दारात थांबलं की नाही, मला माहीत नाही. माझ्यावाचून प्रभूचं काही अडलं नाही. मी तोंड फिरवलं, तर त्यानं चादरी बदलणाऱ्या बाईला पाठवलं आणि काकींना निर्भय करून नेलं. त्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते. सगळं त्याच्या हाती सोपवायचं म्हणजे आपली अब्रूही सोपवायची, हे मला इतक्या उशिरा कळलं. प्रार्थना संपल्यावर सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "एवढंच होतं?" मी म्हटलं, "हो गं, एवढंच." एवढंच तर काकींनी मागितलं होतं.