मागच्या स्प्रिंगचा नंबर

संगणकावर रेसची गाडी पळवायची माझी हौस आमच्या माधव नगरच्या घरात आता कुणाला नवी नाही. शाळेत गणित शिकवून यायचं, चहा घ्यायचा आणि स्टिअरिंग टेबलाला कसायचं. पळवण्यापेक्षाही मला गाडी जुळवायला आवडते: स्प्रिंग किती कडक, टायरमध्ये हवा किती, ब्रेक पुढे जास्त की मागे. एका वेळी एकच नंबर बदलायचा आणि वहीत लिहायचा, हा माझा नियम. नियम मोडणाऱ्याचा मला राग येतो, आणि राग मला पटकन येतो.

त्या शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन लीगची निवडफेरी होती. एक वेगवान फेरी मारून पहिल्या विसांत आलं तर जागा, नाहीतर पुढच्या हंगामापर्यंत वाट बघा. आधी तीनदा थोडक्यात हुकले होते, त्यामुळे यंदा जागा हवीच होती. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी रोज वेगळी वागायला लागली. वहीत मागची स्प्रिंग आठ, पडद्यावर पाच. मीच चुकीचं लिहिलं असणार म्हणून स्वतःला चार शब्द सुनावले आणि पुन्हा आठ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच.

शनिवारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर खुर्चीत माझे सासरे! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अनवाणी पाय पेडलवर. मला बघून त्यांनी कचकन ब्रेकच मारला.

"बाबा, तुम्ही रोज चालवता?"

"दुपारी तू नसतेस तेव्हा. मागून फार झटके मारत होती गं. मी तर थोडी नरम केली, बस."

"मला विचारायचं तरी!"

"स्कूटर विकली तेव्हा मला कोणी विचारलं होतं?"

वर्षापूर्वी फ्रीगंजच्या बाजारात त्यांची स्कूटर घसरली होती, आणि आम्ही ती परस्पर विकून टाकली होती. मला फार लाज वाटली. पण तसं बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही. मी जाऊन चहा टाकला.

संध्याकाळी बाबा मागे वेताच्या मोढ्यावर बसले. मी हट्टाने आठ नंबर ठेवला आणि शेवटच्या वळणावर गाडी दोनदा गरकन फिरली. आता जेमतेम दोन फेऱ्यांचा वेळ उरला होता.

"एकदा माझ्यावाल्या नंबरवर घेऊन तर बघ," मागून आवाज आला.

चिडतच मी पाच केला. पहिल्या फेरीत पकड यावी म्हणून टायर तापवले. दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर भीतभीत अॅक्सिलरेटर दाबला, तर गाडीने रस्ता सोडलाच नाही. मी पूर्ण दाबला. यादीत माझा नंबर अठरावा आला. मी ओरडले, बाबा माझ्याहून मोठ्याने ओरडले, आणि नवरा कणकेच्या हातांनी धावत बाहेर आला.

"दुपारी खुर्ची तुमची," मी बाबांना सांगितलं, "पण नंबर मला विचारून बदलायचा."

सोमवारी मधल्या सुट्टीत फोन आला. "मागची अजून एक नंबर नरम करू का? विचारून करतोय हं!"

"करा!" मी इतक्या जोरात म्हटलं की अख्खी स्टाफरूम माझ्याकडे बघायला लागली.