मोहरीची उशी आणि खोल बाज

२०२३ साल होतं, माझं वय चौऱ्याहत्तर. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच. त्यात पुण्याहून सूनबाई तान्ह्या नातवाला घेऊन आठ दिवस राहायला आली. पोराचं डोकं गोल व्हावं म्हणून मी माझ्या हातानं मोहरीची उशी शिवून ठेवलती.

सुनेनं उशी बाजूला सारली. "मामा, बाळाला उताणंच निजवायचं. उशी न्हाई, तोंडाजवळ गोधडी न्हाई. श्वास कोंडतो त्यानं."

"तुझा नवरा ह्याच मोहरीवर वाढला. डोकं बघ त्याचं, नारळावाणी गोल हाय."

"आतून बी नारळच हाय, मामा."

मी हसलो न्हाई. बोलणंच टाकलं. पण अडचण बाजेची निघाली. सुंभ सैल पडून ती मधी खोल गेलेली. बाळ उताणं ठेवलं की कलंडायचं आणि तोंड खालच्या गोधडीत जायचं. भुईवर निजवावं तर फरशी गार, आणि खाली टाकायला घरात गादी न्हाई. सून डोळ्याला डोळा न लावता बघत बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. "इथं बाळाला सपाट जागा न्हाई, मामा." राहा म्हणायला माझी जीभ वळली न्हाई. एसटी गेली. घरी येऊन मी एकट्यापुरती भाकरी टाकली, ती बी अर्धी उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाटोद्याच्या बाजारात गेलो. गादीवाल्याला म्हणालो, "भुईवर टाकायला लेकरापुरती गादी भर. कापूस दाबून, टणक."

"उशी किती मोठी भरू, बाबा?"

"उशी न्हाई लागत. आमच्यात लेकरं उताणी निजतात."