नाल्यावरचा बांगडीवाला

मी फादरांच्या घरी स्वयंपाक करायची तेव्हाची गोष्ट. दीड हजार वर्षांपूर्वी मिसर देशाच्या वाळवंटात एकटे राहणाऱ्या तपस्व्यांच्या चरित्रांचा ते अभ्यास करत. एकाच चरित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत बसत. मी चौथी शिकलेली, पण मला त्याचं फार कुतूहल. एकदा धीर करून विचारलं, तर त्यांनी दाखवलं. जुन्या प्रतीत तहानेनं पडलेल्या तपस्व्याला उंटवाल्यानं पाणी पाजलं होतं. नंतरच्या प्रतीत उंटवाला नव्हताच, देवदूत होता. माझं मन खट्टू झालं. देवदूत आला नव्हता, तर देवानं केलं काय? मग प्रार्थनेला बसले की ओठ हलायचे, मन लागायचं नाही.

त्याच पावसाळ्यात ह्यांचा, माझ्या नवऱ्याचा, मलेरिया डोक्यात चढला. बैलगाडीनं एटापल्लीच्या दवाखान्याकडे निघालो, तर वाटेतला नाला भरलेला. बैल पाण्यात उतरेनात. हे मला ओळखतही नव्हते. ‘आहेस का?’ एवढंच मी मनात म्हणू शकले. तेवढ्यात बाजार करून परतणारा एक मुसलमान बांगडीवाला आला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. पेटी काठावर ठेवून त्यानं ह्यांना पाठीवर घेतलं, गाडीच्या दोरानं स्वतःशी बांधलं आणि पाण्यात उतरला. मी त्याच्या सदऱ्याला धरून मागे. पाणी छातीला लागलं, तरी तो मलाच रागावत होता.

“काऊन इतका उशीर केला बाई? माणूस जाऊन राह्यला अन् तू रडून राह्यली. पाय टेकव.”

पलीकडे जीप मिळाली. हे वाचले.

चर्चमध्ये साक्ष द्यायची, म्हणजे देवानं कसं तारलं ते सगळ्यांपुढे सांगायची वेळ आली, तोवर माझी गोष्ट माझ्याआधी पोचली होती. पांढऱ्या कपड्यांतला कोणी पाण्यावरून चालत आला आणि दिसेनासा झाला म्हणे. शेजारीण म्हणाली, “बांगडीवाला नोको सांगू वं, साक्ष फिकी पडते.” मी भिडस्त, मान हलवली. पण मनाला खात राहिलं, म्हणून फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी कुठवर होतं, तो काय बोलला, सारं खोदून विचारलं. मग हळूच म्हणाले, “मी आयुष्यभर कागदात अशाच माणसाला शोधतो आहे, बाई. लिहिणारे त्याला पुसून टाकतात. तुम्ही तर त्याचा सदरा धरला होता.”

रविवारी उभी राहिले. खर्रा सांगितला, रागावणं सांगितलं. कोणी हसलं. पुरुषांच्या बाजूनं हे बोलले, “त्याच्या मानेचा घाम मले आठवते.” मग कोणी हसलं नाही.

कोणाला पाठवावं, हे आता मी देवाला सांगत नाही. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. प्रार्थनेत मी ‘नाल्यावरचा भाऊ’ म्हणते. देवाला ओळख पटते.