सात पाण्यांनी धुतलेली सुरमई

बाजारात सुरमई दिसली की अजूनही माझं डोकं फिरतं. माशाचा काही दोष नाही. दोष आमच्या नवरोबांचा.

अंदमानात शिडाच्या बोटीवर आम्ही दोघं आणि कप्तान, असे तिघंच होतो. पाच दिवस बेटाबेटांतून हिंडायचं आणि गळाला लागेल ते रांधून खायचं. नवऱ्याचा सगळा जीव माशांत. माझा चौथ्या दिवशीच्या बेटावर. तिथं पाणी गळ्याइतकंच खोल आणि नितळ, आणि मला त्यात पोहायचं होतं. त्यासाठी बावन्नाव्या वर्षी मी नगरच्या पोहण्याच्या तलावात शिकवणी लावली होती. पहिलीतल्या पोरांच्या रांगेत उभी राहिले. "या वयात कुठं बुडायला निघालीस गं?" म्हणून नणंद पदर तोंडाला लावून हसली. दोन उन्हाळे नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा कुठे तरंगायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गळाला हातभर सुरमई लागली. "आज मी करनार. तू बस निवांत," नवऱ्यानं जाहीर केलं. मी खूश होऊन शिडाच्या सावलीत डोळे मिटले. तिथंच चुकलं.

तो देवळाली प्रवराचा. तिकडं मासा म्हणजे धरणातला, चिखलाचा वास मारणारा. मीठ-हळद चोळून सात पाण्यांनी धुतल्याशिवाय तो चुलीवर चढत नाही. समुद्रातून आत्ता निघालेल्या त्या स्वच्छ सुरमईलाही त्यानं तोच न्याय लावला, तोही टाकीतल्या गोड्या पाण्यानं. आणि उसाला पाट सोडून बांधावर झोपणारा माणूस नळ बंद करतो होय? मासा नळाखाली ठेवून साहेब निवांत कांदा-लसूण निवडत बसले.

नळ खाकरून कोरडा झाला, तेव्हा कप्तान खाली धावला. टाकी रिकामी होती. अडीअडचणीला ठेवलेले दोन कॅन तेवढे शिल्लक. उद्या सकाळी परत बंदरावर, तो म्हणाला. म्हणजे माझं बेट गेलं.

"त्यात काय एवढं?" नवरा म्हणाला. "चहूकडं पानीच पानी हाय की!"

माझं माहेर सुप्याकडचं, टँकरवर जगलेलं. आई आम्हाला बाजेवर बसवून आंघोळ घालायची आणि खाली घमेलं ठेवायची. त्याच पाण्यात धुणं व्हायचं, उरलेलं लिंबाच्या झाडाला जायचं. ते सगळं आठवून माझं डोकं फिरलं. अहो-जाहो गेलं खड्ड्यात.

"दोन उन्हाळे शिकले मी! आन् तुला एक नळ बंद करता येईना?"

त्यानं कोरडा नळ आता घट्ट पिळून बंद केला. सुरमई मात्र झकास झाली होती, याचा मला आणखी संताप आला. चार तुकडे खाल्ले आणि एका शब्दानं कौतुक केलं नाही.

ऊन कलल्यावर मी पोहण्याचे कपडे घालून वर आले. बोट नांगरलेली होती, पण खाली तळ दिसत नव्हता. कप्तानानं प्रवाह पाहिला, शिडी सोडली, दोरीला बांधलेली रबरी रिंग पाण्यात टाकली. मी उतरले. पाय टेकायला काहीच नव्हतं. तरी हात मारत राहिले आणि बोटीला एक फेरी घातली.

नवऱ्याला पोहता येत नाही. पाटात गुडघ्यापुढं तो कधी उतरला नाही. कठडा दोन्ही हातांनी धरून तो ओरडत होता, "बास झालं, वर ये! चुकलं माझं, लई चुकलं!"

स्पष्ट ऐकू आलं मला. शिडी हाताशी आली होती. ती सोडून मी आणखी एक फेरी मारली.