पेपरमिंटचे दोन थेंब

मी वॉर्डातले किस्से सांगायला लागले की ऐकणारे आधी अपराधी चेहरा करतात. कॅन्सरचा पॅलिएटिव्ह वॉर्ड, म्हणजे जिथं आजार बरा होणार नसतो, फक्त त्रास कमी करायचा असतो. तिथल्या गोष्टीला हसायचं कसं? बिनधास्त हसा. सतरा वर्षं मी कोल्हापुरात या वॉर्डाची सिस्टर आहे. आम्ही हसलो नसतो तर आमच्यासाठी वेगळा वॉर्ड काढावा लागला असता. किस्से साठतच जातात. हे अलीकडचे, सगळे अरोमाथेरपीचे. म्हणजे सुगंधी तेलं हुंगवून मळमळ कमी करायची.

*

सुरुवात आमच्या डॉक्टरांनी केली. एका कॉन्फरन्सला गेले आणि येताना बॅगभर बाटल्या घेऊन आले. मागोमाग पुण्याहून ट्रेनर मॅडम आल्या. डेमोसाठी त्यांनी कुरुंदवाडचे आण्णा निवडले. पोटाचा कॅन्सर, घास आत गेला की बाहेर. मॅडमनी पेपरमिंटचे दोन थेंब कापसावर टाकले, कापूस आण्णांच्या नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटा आणि समुद्रकिनारा आठवा."

"समुद्र म्या बघिटलेला न्हाई."

"बरं, मग नदी आठवा. शांत वाहणारी."

"नदी म्हटलं की पूरच आठवतोय, बाई. आमची म्हस गेली त्यात."

मॅडमनी डोंगर चालेल का, असं विचारलं. आण्णा मोठ्या मनानं "चालंल" म्हणाले.

*

थेरपी आली म्हटल्यावर फॉर्म आलाच. मळमळ किती, शून्य ते दहा. मी पेन सरसावून विचारलं, "आण्णा, दहापैकी किती?"

"घरी जायला किती लागत्यात?"

प्रश्न बरोबर होता. दोन दिवस पेज आणि गोळ्या पोटात टिकल्या की घरी सोडतो, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. आपण बरे होणार नाही हे आण्णांना माहीत होतं. मरायचं ते आपल्या घरात, पुढच्या सोप्यातल्या कॉटवर, एवढीच त्यांची मागणी. मी फॉर्मवर त्यांनी सांगितलेला आकडा लिहायची आणि विश्वास मात्र उलटीच्या भांड्यावर ठेवायची.

*

आण्णांची बायको, आक्का, कायम उभी. डबा उघड, चादर ओढ, भांडं धू. तेल मनगटावर लावलं तरी चालतं, असं मी त्यांना एकदा सांगून बसले. रविवारी गाडी भरून पाहुणे आले, नऊ माणसं. आक्कांनी लग्नात अत्तर लावतात तसं ओळीनं प्रत्येकाच्या मनगटाला पेपरमिंट लावलं.

मी म्हटलं, "आक्का, हे औषध आहे."

"व्हय, पण एवढ्या लांबनं आल्यात, तसंच कसं पाठवायचं?"

पाहुणे हात हुंगत बसले. एकानं हे गुडघ्याला चालतं का, अशी चौकशी केली. आण्णांच्या वाट्याला रिकामी बाटली आली. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, नाक वर करून म्हणाले, "वा, वॉर्डात काय फ्रेशनेस आलाय!"

*

आता यशाची गोष्ट. सकाळ-संध्याकाळ मी खुर्ची ओढून दहा मिनिटं आण्णांशेजारी कापूस धरून बसायची. श्वास घ्या, सोडा. एरवी आमच्याकडं सिस्टर दहा मिनिटं खुर्चीत दिसली तर मेमो मिळतो, आता त्याच बसण्याला थेरपी म्हणत होते. चौथ्या दिवशी भांडं कोरडं. पाचव्या दिवशीही. डॉक्टरांनी भांड्याचा फोटो काढून स्लाईड केली, पेपरमिंटचा परिणाम. त्याच आठवड्यात उलटीचं इंजेक्शनही बदललं होतं, ते खाली बारीक अक्षरात.

मी आनंदानं आक्कांना म्हटलं, "वासानं गुण आला बघा."

"कुठला वास? तीस वर्सं मिरची कांडप चालवलंय ह्यांनी. नाक कवाच गेलंय. दूध करपलं तरी कळत न्हाई."

मला राग आला, खरं सांगते. आठवडाभर मी काय डोंबल धरून बसले होते? तरातरा आण्णांकडे गेले. "वास येत नाही हे बोलला का नाही?"

"तुम्ही इचारलंच न्हाई. श्वास घ्या म्हटला, म्या घेतला."

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पण स्लाईड झालीय आता."

*

आण्णा घरी निघाले. प्रोटोकॉलप्रमाणे बरोबर नवी बाटली द्यायची होती, ती दिली. प्रोटोकॉलला कुठं नाक असतं? आक्कांना सगळं शिकवलं. दोन थेंब, दहा मिनिटं, शेजारी बसून.

"बसूनच कराय पायजे? उभ्यानं न्हाई चालत?"

"अजिबात चालत नाही," मी ठणकावून सांगितलं.

आठवड्यानं फोन केला. आक्कांनी उचलला. पेज जाते म्हणाल्या, सबंध आठवड्यात उलटी दोनदाच झाली. मी विचारलं, "थेंब किती टाकता?"

"न्हाई टाकत. त्या वासानं माझंच डोस्कं उठतंय. कोराच कापूस धरून बसते. ह्यास्नी कुठं कळतंय?"

मागून आण्णांचा आवाज आला, दमलेला. "कळतंय म्हणावं."