धक्क्याचा चौदावा खांब

धक्क्याच्या सिमेंटच्या खांबांवर पाण्याखाली शिंपल्यांचे थर चढतात. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायचं आणि पटाशीने ते थर खरवडून काढायचे, हे काम पाणबुडेकाका सव्वीस वर्षं करत होते. कुठल्या खांबाला कोण चिकटलंय, कोण कुणाच्या मुळावर उठलंय, सगळं त्यांना तोंडपाठ.

त्या वर्षी संशोधन केंद्रातल्या एक मॅडम आल्या. समुद्रातल्या जीवांबद्दल आपल्याला अजून काय काय ठाऊक नाही, त्या प्रश्नांची यादी बरेच शास्त्रज्ञ मिळून करत होते. त्यासाठी मॅडमना खांबांवरचे जीव मोजायचे होते. काका त्यांना रोज खाली घेऊन जायचे.

तीन आठवड्यांनी मॅडम वही मिटून म्हणाल्या, "काका, नवव्या खांबावर एक्केचाळीस प्रकार आणि चौदाव्यावर फक्त सात! पाणी तेच, ऊन तेच. मग असं का?"

काका पटाशी धुवायला लागले. कारण ठाऊक होतं, पण सांगणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. जेवताना बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, पाण्याखाली तोंड मिटून असता ते ठीक. वर आल्यावरही मिटूनच बसणार का? सांगून टाका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं. "मॅडम, तो खांब मीच बिघडवला. आठ वर्षांपूर्वी त्याच्या बारीकसारीक भेगा मी सिमेंटने बुजवल्या. धक्क्याच्या साहेबांनी पाठ थोपटली. पण त्या भेगांत बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी राहायच्या. काळ्या शिंपल्यांना भोक पाडून आतलं खाणाऱ्या. घर गेलं तशा त्याही गेल्या. मग काळ्या शिंपल्यांना रान मोकळं! बाकीच्यांना पाय टेकायला जागा उरली नाही."

"हे आजवर कुणाला सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुणी? जो तो विचारतो, प्रकार किती. एक गेला की कोणाकोणाचं बस्तान उठतं, ते विचारा ना."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "माझा विश्वास आहे, पण दाखवून द्यावं लागेल."

काकांनी चौदाव्या खांबाची एक बाजू भोकं पाडलेल्या सिमेंटच्या पट्ट्यांनी मढवली आणि दुसरीवर गुळगुळीत पट्ट्या बसवल्या. दर महिन्याला मोजणी. चार महिने हाती भोपळा. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, "काका, भाडेकरू मिळाले का?" काका हसण्यावारी न्यायचे, पण आतून धास्तावलेले असायचे. पाचव्या महिन्यात एका भोकात पहिली गोगलगाय दिसली, आणि काका पाण्यातच एवढ्या जोरात हसले की तोंडातली हवेची नळी सुटता सुटता राहिली. वर्ष उलटून दोन महिने झाले तेव्हा भोकांच्या बाजूला सव्वीस प्रकार होते. गुळगुळीत बाजूला आठच.

शास्त्रज्ञांच्या सभेत मॅडमनी यादीतला 'एक गेला की कोणाकोणाचं बस्तान उठतं?' हा प्रश्न वाचला आणि काकांना उभं केलं. "हा प्रश्न यांचा. उत्तराची सुरुवातही यांचीच." मागच्या रांगेत बायको ताठ बसली होती, शेजारच्या अनोळखी बाईला कोपर मारत.

एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "गोगलगायी तुम्ही आणून सोडल्यात का?"

"नाही साहेब. तेराव्या खांबावरून तळाने चालत आल्या. त्यांच्या चालीने चार महिने लागतातच."

सभागृहात हशा पिकला, मग टाळ्या. काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

आता डागडुजी निघाली की इंजिनिअर आधी काकांच्या दारात येतात. काका त्यांना खांबांचा नकाशा उलगडून दाखवतात: या भेगा धोक्याच्या, त्या बुजवा. या मात्र राहू द्या, इथे वस्ती आहे.